दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

प्रकाशनाच्या धंद्यातल्या संगणकी आणि कारखानी अडचणींसाठी हे पान आहे. या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्याच अर्थाची आणखी सहा पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत.

ताई, वडिलांनी सांगलीत सुरू केलेलं प्रकाशन आता मी बघतो. १९९६ नंतरची सव्वाशेएक पुस्तकं पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये केलेली आहेत. २०१९ च्या पुरात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं आणि सगळे गठ्ठे गेले. फायलींच्या सीडी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. आता वाचक जुनी पुस्तकं मागतात, ई-बुकचीही विचारणा होते. पण फाइल उघडली की नुसती खिचडी दिसते. एक जण सगळं ‘एका बटणावर’ युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, करून देतो म्हणतो. देऊ का काम?
– एक प्रकाशक, सांगली

बटण आहे, खोटं नाही. दाबायचंही आहे. पण आज संध्याकाळी नको. आज संध्याकाळी सीडीवरच्या फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

घरी लिहिलेल्या सीडीवर मजकूर रंगाच्या एका पातळ थरात असतो आणि तो थर वर्षागणिक मरत जातो. सीडी आरशासारखी चकाकते, पण वाचली जात नाही. एका ड्राइव्हने नाकारली तर दुसऱ्यात घालून पाहा. माझ्याकडे तीन जुने ड्राइव्ह केवळ याचसाठी ठेवलेत आणि एकाने नाकारलेली सीडी दुसऱ्याने वाचल्याचा अनुभव अनेकदा आला आहे. जे उतरेल ते दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक सांगलीबाहेर पाठवा. जत-आटपाडीकडे कोणी पाहुणे असतील तर फारच छान, तिथे पाण्याची भीती नाही. फायलींबरोबर फॉन्टचं फोल्डरही उचला. फॉन्टच्या सॉफ्टवेअरसोबत संगणकाच्या मागे खोचायचं एक कुलूप यायचं, ते वडिलांच्या खणात सापडलं तर भंगारात घालू नका. जुना संगणक चालू असेल तर त्यालाही अजून निवृत्त करू नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची आहे. नव्या यंत्रावर तिच्याशी झटापट करण्यापेक्षा जुन्या यंत्रावर फाइल उघडून, बरोबर दिसणाऱ्या मजकुराची एक पीडीएफ काढून ठेवली की अर्धी काळजी मिटते.

आता खिचडी का दिसते ते. त्या काळी श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा ज्या पद्धती होत्या, त्यांत संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. फाइलमध्ये भलतीच चिन्हं साठवलेली असत आणि फॉन्ट त्या चिन्हांवर ‘क’, ‘ख’चे मुखवटे चढवत असे. मुखवटा काढला की खालचं दिसतं. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचेही वेगळे. म्हणून त्या बटणवाल्याला पहिला प्रश्न विचारा: कोणत्या फॉन्टमधून बदलणार, त्याचं नाव सांगा. ‘सगळे चालतात’ असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

शिवाय जुन्या फायलीत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी, रफार शेवटी चढतो म्हणून शेवटी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं. त्यामुळे ‘वार्षिक’ हा साधा शब्द घ्या: त्यात ‘ष’च्या अंगावर वेलांटीही आहे आणि रफारही. बदलणाऱ्या प्रोग्रॅमला दोघांच्या जागा एकाच वेळी हलवाव्या लागतात. चांगला असेल तर हलवतो. नसेल तर ‘वाषिर्क’ होतं.

पण ‘वाषिर्क’ बरं. ते डोळ्यांना बोचतं, मुद्रितशोधक पकडतो. भीती वाटावी अशी चूक दुसरीच. मराठीत दोन अर्धे ‘र’ आहेत, एक रफार आणि एक ‘ऱ्या’तला, हे बाहेरच्या मंडळींनी लिहिलेल्या कित्येक प्रोग्रॅमना माहीत नसतं. आमच्याकडे सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक बदलायला आलं होतं. सगळं स्वच्छ उतरलं, वेलांट्या जागेवर, जोडाक्षरं नीट. आणि पान १७ वर लेखक घाटमाथ्यावर उभा राहून खाली ‘खोल दर्या’ बघत होता. पुस्तकभर दऱ्यांचा दर्या झालेला. त्याच पुस्तकात मुक्कामाच्या गावी ‘आचार्यांनी पिठलं-भाकरी केली’. स्पेलचेक गप्प, कारण दर्याही शब्द आहे आणि आचार्यही. अशी चूक फक्त माणूस पकडतो, तोही वाचता वाचता हसू आलं तर.

म्हणून मी कोणत्याही बटणवाल्याला आधी आठ शब्द देते: दऱ्या, तऱ्हा, वार्षिक, वाङ्मय, उद्ध्वस्त, शृंगार, ॲडव्होकेट, कॉलनी. तुमच्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून द्या आणि काय परत येतं ते बघा. आठही नीट आले तर एक पुस्तक द्या. सव्वाशे नव्हे.

आता ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं ती गोष्ट. तुमची फाइल म्हणजे तुमचं पुस्तक नव्हे.

१९९८ मध्ये मी नारायण पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची जुळणी, करत होते. एका निवृत्त शिक्षकांचं आठवणींचं पुस्तक केलं होतं. अर्पणपत्रिका: ‘ती. सौ. आईस’. बटर निघाले, म्हणजे ट्रेसिंग कागदावरचे प्रिंट, छापखान्यात गेले, आणि दोन दिवसांनी त्यांची आई गेली. ते स्वतः जिना चढून आले. म्हणाले, तेवढी एक ओळ बदलता येईल का? फाइल उघडून नवं पान काढण्याइतका वेळ नव्हता, छापखान्यातला माणूस दारात उभा होता. मी ‘कै. आईच्या स्मृतीस’ एवढी ओळ वेगळी काढली, काचेच्या टेबलावर खालून दिवा लावून ब्लेडने जुनी ओळ कापली आणि नवी सेलोटेपने बसवली. पुस्तक बरोबर छापून आलं. फाइलमध्ये मात्र आई जिवंतच राहिली. चार वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली ती फाइलवरून. फोन आला. ते रागावले नाहीत, हेच वाईट वाटलं. एवढंच म्हणाले, “ताई, पहिलं पान एकदा बघा.” पाचशे प्रतींचं पहिलं पान आम्ही हाताने बदललं.

१९९६ ते साधारण २००५ या काळातलं तुमचं प्रत्येक पुस्तक असंच झालं असणार. शेवटची चूक नेहमी बटरवर किंवा पॉझिटिव्हवर (प्लेट काढायच्या फिल्मवर) दुरुस्त व्हायची आणि फाइलमध्ये परत येऊन ती करायला कुणाला सवड नसायची. तेव्हा युनिकोड केलेला मजकूर मूळ फायलीशी नव्हे, छापील प्रतीशी ताडून वाचायचा. ओळीला ओळ लावून. आमच्याकडे २४० पानांच्या पुस्तकाला एका मुद्रितशोधकाचे आठ-दहा दिवस जातात. बटणवाल्याच्या दरपत्रकात हे दिवस नसतात, म्हणून त्याचा दर स्वस्त दिसतो.

तुमच्या छापील प्रती पुरात गेल्या हे माहीत आहे. त्या कुठे सापडतील ते या पानावरच्या शेवटच्या उत्तरात येईल. आणि ज्या पुस्तकाची सीडीही गेली, त्याची छापील प्रत स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर बऱ्यापैकी उतरतो. पुन्हा तेच, ताडून वाचणं चुकत नाही.

सव्वाशेपैकी दहा-बारा पुस्तकं निवडा, आणि निवडताना विक्रीच्या आधी करार बघा. लेखकाने हक्क दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने असं म्हटलं आहे की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क नाव घेऊन दिल्याशिवाय दिले गेले असं मानायचं नाही. १९९७ च्या करारात ई-बुक कुठून असणार? वकिलाकडे कीस पाडत बसू नका. लेखकाला, किंवा वारसांना, एक पानाचं नवं पत्र पाठवा आणि सही आणा. आधी सही, मग बटण.

मांडणी नव्याने इनडिझाइनमध्ये कराल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. तो नसेल तर चांगलं युनिकोडही विस्कटलेलं दिसतं आणि लोक बिचाऱ्या फॉन्टला शिव्या घालतात. फॉन्ट फुकट आणि देखणे आता आहेत. टिरो देवनागरी मराठी पाहा, त्याचे ल आणि श आपले मराठी वळणाचे आहेत. शीर्षकांना ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट चालतो.

आम्ही ठाण्यातून दिवाळी अंक काढतो, यंदा नववं वर्ष. दरवर्षी शेवटच्या आठवड्यात तोच गोंधळ: जाहिराती व्हॉट्सॲपवर येतात, लेखाच्या चार ‘फायनल’ फायली असतात, आणि मागच्या वर्षी एका कवितेची जुनीच प्रत छापली गेली. कामाची शिस्त कशी लावावी?
– संपादक, ठाणे

यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे दिवाळी लांबली, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. सगळे म्हणणार, बराच वेळ आहे. कॅलेंडर उलटं वाचा. अंक दसऱ्याला, म्हणजे २० ऑक्टोबरला, स्टॉलवर हवा. त्याआधी बाइंडिंग आणि वाहतूक धरून आठ-नऊ दिवस. त्याआधी छपाई. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फॉर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचे संच) जायला लागले पाहिजेत. आणि १४ सप्टेंबरला गणपती! तुमच्या छापखान्यातली निम्मी माणसं कोकणात. मशीनमन गावाला गेला की तो गौरी-विसर्जनाच्या आधी परतत नाही, आणि त्याने परतू नये. गणपतीनंतर लगेच पितृपक्ष, त्या पंधरवड्यात कित्येक जाहिरातदार सही करायला नको म्हणतात. तेव्हा मजकुराचे फॉर्मे गणपतीच्या आधी बंद करून छापून टाका आणि जाहिरातींसाठी शेवटचा एकच फॉर्मा उघडा ठेवा. सोळा पानं. सतरावी जाहिरात आली तर पुढच्या वर्षी. कठीण जातं, माहीत आहे. पण एका पानाने फॉर्मा मोडला की कागदाचा हिशेबही मोडतो.

कवितेचं दुखणं वेगळं आहे. चार ‘फायनल’ असणं हा गुन्हा नाही, ‘फायनल’ म्हणण्याचा हक्क चौघांना असणं हा आहे. एक माणूस नेमा. फाइल त्याच्याकडून जाते आणि त्याच्याकडेच येते. नावात ‘फायनल’, ‘नवी’, ‘लेटेस्ट’ असले शब्द बंद. क्रमांक, लेखकाचं आडनाव, तारीख: ‘१४-कुलकर्णी-०९०८’. मोठी तारीख ती शेवटची, वाद संपला.

आणि एक लाल वही. अर्पणपत्रिकेच्या प्रकरणानंतर मी ती सुरू केली, आता अठरावी चालू आहे. फाइल बंद झाल्यानंतर, छापखान्यात, फोनवर, प्लेट काढताना जी जी दुरुस्ती होते ती तिथे लिहायची: पान, ओळ, होतं काय, केलं काय, कुणी सांगितलं. शनिवारी बसून सगळ्या नोंदी फाइलमध्ये करायच्या आणि वहीत बरोबरची खूण. आमची मुलं संगणकावर तक्ता करूया म्हणतात. करा. पण छापखान्यात उभ्याने, शाईच्या हातांनी, वहीच लिहिली जाते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसतं. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं येतं. एवढं एक वाक्य जाहिरातदारांच्या पत्रात मोठ्या टायपात छापा. त्याखाली: पीडीएफ, सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). तरीही कुणीतरी संगणकाच्या पडद्याचं रंगीत काळं पाठवणारच. एका सराफी पेढीच्या जाहिरातीत पत्त्याची बारीक अक्षरं अशी चारही रंगांच्या काळ्यात आली होती. मशीनवर एक रंग केसभर सरकला आणि पत्त्याला लाल सावली पडली. पेढीच्या मालकांनी अंक डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग चष्मा पुसला. मी समोरच बसले होते. तेव्हापासून बारीक काळी अक्षरं नुसत्या काळ्या शाईत आहेत ना, हे प्लेट काढण्याआधी मी स्वतः बघते.

आम्ही नवरा-बायको नाशिकला लहान मुलांची पुस्तकं प्रकाशित करतो, बावीस पुस्तकं आहेत. साठा आणि दुकानदारांकडच्या प्रती यांचा मेळ बसत नाही. सॉफ्टवेअर घ्यावं का?
– प्रकाशक दांपत्य, नाशिक

बावीस पुस्तकांना नको. एक्सेलचं एक पान पुरे. मेळ बसत नाही तो बहुधा एकाच जागी: दुकानदाराला ‘ठेवायला’ दिलेल्या प्रती तुम्ही विकल्यात धरता, तो तुमच्याच धरतो. म्हणून रकाने वेगळे करा. गोडाऊनमध्ये, दुकानात ठेवलेल्या, विकून पैसे आलेल्या, परत आलेल्या, खराब, आणि भेट. ‘भेट’ हा रकाना विसरू नका; परिचयासाठी, स्पर्धेसाठी आणि नातेवाइकांना गेलेल्या प्रती जोडल्या की आपल्यालाच लाज वाटते. दर तीन महिन्यांनी एकदा हाताने मोजा. कागदावरचा आकडा आणि रॅकवरचा आकडा वेगळा आला तर रॅकवरचा खरा.

पुढे कधी सॉफ्टवेअर घ्याल तर विकणाऱ्याला समोर बसवून म्हणा, सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर. मी हे विचारलं नव्हतं. सहा वर्षांचा हिशेब ज्यात होता तो माणूस गाशा गुंडाळून गेला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या दोन भाच्या बिलबुकं मांडीवर घेऊन आकडे भरत बसल्या होत्या.

जीएसटीबद्दल ओझरतं विचारलंत म्हणून: छापील पुस्तकावर तो नाही. पण म्हणूनच कागदावर आणि छपाईवर भरलेला कर वळताही करून मिळत नाही. किंमत ठरवताना तो खर्चात धरा. नवे प्रकाशक इथे हमखास चुकतात.

मी म्हापशाला राहतो, निवृत्तीनंतर माझा पहिला कथासंग्रह स्वतःच काढतो आहे. छापून देणारे आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागतात. हा दर योग्य आहे का? आणि पुस्तक निघाल्यावर काही सरकारी सोपस्कार असतात का?
– एक लेखक, म्हापसा

योग्य दर शून्य. आपल्या देशात आयएसबीएन राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करून, विनाशुल्क. लेखक स्वतः प्रकाशक असेल तर त्यालाही मिळतो. छापणाऱ्याने अर्ज भरण्याच्या मेहनतीचे पैसे मागितले तर तो तुमचा-त्याचा व्यवहार, पण एक बघा: क्रमांक कुणाच्या नावावर निघतो? त्याच्या नावावर निघाला तर नोंदीत प्रकाशक तो. साधी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. काहीही न बदलता पुनर्मुद्रण केलं तर नवा नको. आणि क्रमांक वेळेवर हवा असेल तर मुखपृष्ठ छापायला जायच्या बऱ्याच आधी अर्ज करा; बारकोडाची जागा रिकामी ठेवून चित्रकार ताटकळत बसलेले मी पाहिलेत.

सोपस्कार एक आहे, आणि तो छोट्या प्रकाशकांपैकी फार थोडे पाळतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. लोकांना वाटतं चार प्रती फुकट गेल्या. माझ्याकडे दोनदा असं झालंय की प्रकाशकाकडे, लेखकाच्या घरी, कुठेच प्रत उरली नव्हती, आणि पुस्तक मुंबईत मिळालं.

पाठवल्याच्या पोस्टाच्या पावत्या पुस्तकाच्या फायलीला लावून ठेवा. आणि सांगलीच्या पत्रलेखकांनी, सीडी उतरत असताना मध्ये जो वेळ मिळेल त्यात, वडिलांच्या कागदपत्रांत अशा पावत्या आहेत का ते बघावं. ज्या पुस्तकांच्या सापडतील, ती आधी घ्यावीत.